दुसऱ्या खेपेचे अकरा

"एकवीस!"

"बावीस!"

मग क्षणभर शांतता, आणि पुढच्या बाकावरून नेवाळकरांचा खणखणीत आवाज, "तेवीस, देव! चला, सोडा गाडी."

गाडी सुटली नाही, कारण मी हात वर केला होता. "काका, एक चूक होतेय. गाडीत माणसं बावीसच आहेत."

सगळी गाडी हसली.

"अहो पेपरवाले," मागून कुसुमवहिनी म्हणाल्या, "देव काय टपावर बसलाय का?"

नेवाळकरांनी पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं. खिडकीजवळच्या जागेवर रेशमी वस्त्रात गुंडाळलेली शिसवी पेटी होती. पेटीत त्यांच्या गुरूंच्या पादुका.

"जेवताना पान, गाडीत जागा आणि मोजणीत आकडा," नेवाळकर म्हणाले. "देवाचा आकडा पडल्याशिवाय आमच्यात मोजणी पुरी होत नाही. लिहून घ्या, मोकाशी. उद्याच्या अंकात येऊ द्या."

मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ते आलंही.

हे एक्क्याण्णव सालच्या आश्विनातलं. मी सांगलीच्या एका दैनिकात वार्ताहर होतो, वय एकोणतीस. अनंतबुवा शेवडे आणि गोदामाई यांच्या दत्तस्थानांच्या यात्रेबरोबर अकरा दिवस जायचं आणि रोज चारशे शब्दांचा मजकूर पाठवायचा, असं संपादकांनी सांगितलं होतं. बुवा आणि माई एकाच गुरूंचे शिष्य. गुरू गेल्यापासून दरवर्षी ते दोघं पादुका घेऊन निघत, वाटेतल्या देवळांत मुक्काम करत, शिष्यांच्या घरी पाद्यपूजा होत. बुवा कीर्तन करत, विनोद करत, खळखळून हसत. माई अडुसष्ट वर्षांच्या, किरकोळ अंगाच्या, मोजकं बोलणाऱ्या. गुरुवारी तर सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत त्यांचं मौन असे. त्या दिवशी मोजणीत माईंचा आकडा शेजारचं कुणीतरी म्हणायचं.

मोजणीचं काम काशिनाथ नेवाळकरांचं. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, गळ्यात दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी. "तीस वर्षांत माझ्या स्टँडवरून गाडी माणूस टाकून सुटली नाही," हे त्यांनी मला नऊ दिवसांत सात वेळा सांगितलं.

नववा दिवस गुरुवार होता. त्या दिवशी कृष्णेतल्या एका बेटावर जायचं होतं. बेट कर्नाटकाच्या हद्दीत. तिथले लोक त्याला नडुगड्डी म्हणत. वस्ती नाही. उंचवट्यावर दत्ताचं छोटं दगडी देऊळ, पुजारी सकाळीच पूजा आटोपून परत जाणारा. देवळामागून पायऱ्या उतरून गेलं की अगदी पाण्यालगत एक सपाट काळी शिळा. तिच्यावर बसून ह्यांच्या गुरूंनी अनुष्ठान केलं होतं, म्हणून यात्रेतलं ते सगळ्यांत मोठं ठिकाण.

बेटावर जायला पुट्टी. वेताची गोल, टोपलीसारखी होडी, बाहेरून डांबर फासलेलं कापड. चालवणारा यंकप्पा आणि त्याचा भाऊ हणमंतू. एका खेपेला दहा-बारा माणसं. सकाळी दोन खेपांत आम्ही गेलो, पूजा झाली, आरती झाली. तीन वाजता परत फिरायचं ठरलं होतं.

पाऊण वाजता यंकप्पा धावतच देवळात आला.

"बुवा, आता निघा. नीर बिट्टार. वरच्या धरणाचं पाणी सोडलंय. तीनच्या पुढं इथं भरोसा नाही."

"अरे, पण नदी तर शांत आहे," बुवा म्हणाले.

"शांत असते. येते तेव्हा सांगून येत नाही."

नेवाळकरांनी शिट्टी फुंकली. झाडांखाली पांगलेली माणसं गोळा होऊ लागली. कुणी धोतर वाळत घातलेलं उचललं, कुणी अर्धी पोथी मिटली. पादुकांची पेटी पहिल्या खेपेला न्यायची ठरली. तिच्याबरोबर नेवाळकर.

"मोकाशी, इकडे या." त्यांनी मला बाजूला घेतलं. "पहिली खेप मी मोजतो. दुसरी तुम्ही मोजा. तुमचे आकडे चुकत नाहीत, रोज छापून येतात."

पुट्टीत बसता बसता आकडे पडले. एक, दोन, तीन. पुट्टी डुगडुगत होती, बायका एकमेकींना धरून होत्या. "बारा, देव!" नेवाळकर ओरडले आणि पुट्टी निघाली. मी वहीत लिहिलं: पहिली खेप, बारा. वेळ एक दहा.

पावणेदोनला पुट्टी परत आली. आम्ही चढलो, बुवा सर्वांत शेवटी. मी आकडे घेतले आणि वहीत लिहिले. पैलतीरावर नेवाळकर पाण्यात घोटाभर उतरून उभे होते.

"किती?"

"अकरा!"

"बारा आणि अकरा तेवीस. गुरुदेव दत्त!" त्यांनी शिट्टी ओठांतून काढली. चेहरा एकदम सैल झाला.

जेवण गावातल्या एका शिष्याकडे होतं. भीमक्का नावाच्या बाई, घाटापासून त्यांचं घर दहा मिनिटांवर. मोठी पडवी, शेणानं सारवलेली, केळीची पानं मांडलेली. आम्ही ओळीनं बसलो. भात वाढला गेला, त्यावर वरण. नदीतून सुखरूप आल्याचा आनंद होता. बुवा म्हणाले, "पुट्टीत बसलो तेव्हा मला माझ्या आईची कणीक चाळायची चाळण आठवली," आणि सगळे हसले.

माझ्या समोरच्या ओळीत एका पानावर भात तसाच होता. पानापुढे कुणी नव्हतं.

"वहिनी, तिथं कोण?"

कुसुमवहिनींनी मान न वळवता सांगितलं, "देवाचं पान ते."

मी घास घेतला. मग माझी नजर पडवीच्या टोकाला गेली. तिथं पाटावर पादुकांची पेटी होती. पेटीपुढे रांगोळी, आणि रांगोळीत एक पान. भात, वरण, पुरण, वर तुळशीचं पान. देवाचं पान तिथं होतं.

मी ओळीनं चेहरे पाहिले. पहिल्यांदा घाईघाईनं, मग एकेक करून.

"वहिनी, माई कुठं आहेत?"

"माई? बुवांबरोबर आल्या ना."

बुवांनी वर पाहिलं. "माझ्याबरोबर? त्या पादुकांबरोबर गेल्या. पादुका सोडून त्या कधी बसतात का?"

"पादुकांबरोबर मी होते, बुवा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "मला वाटलं, तुम्ही दोघं शेवटी येणार."

वाढणारी मुलगी वरणाचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबली.

"दुपारी त्या पायऱ्यांकडे गेल्या होत्या," कुणीतरी म्हणालं. "जप घेऊन."

"शिळेवर!" बुवा उठले. खरकटा हात तसाच. "माळ पुरी झाल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत. आणि नदीच्या आवाजात शिट्टी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

नेवाळकर बसूनच होते. ओठ हलत होते. ते मोजत होते. "बारा... अकरा आणि मी... बारा..." मग त्यांनी कपाळावर हात मारला. "हणमंतू! पुट्टीत हणमंतू बसला होता. मी त्यालाही मोजलं. माणसं दहा, हणमंतू अकरा, देव बारा. माझ्या हातून गेलं हो! मी टाकून आलो माईंना!"

मी मांडीवरची वही उघडली. मला उघडायची गरज नव्हती. तरी उघडली.

हणमंतूनं आकडा म्हटलाच नव्हता; पहिल्या खेपेला माणसं अकरा आणि देव, नेवाळकरांचे बारा बरोबर होते. दुसऱ्या खेपेला माणसं दहा होती. मी दहापर्यंत आकडे घेतले होते. दहावा आकडा बुवांचा. मग मी स्वतः, नऊ दिवसांत शिकलेल्या सवयीनं, थोड्या अभिमानानंच, मोठ्यानं म्हणालो होतो: "अकरा, देव." देव त्या वेळी पैलतीरावर होता. नेवाळकरांनी त्याला एकदा मोजला होता. मी दुसऱ्यांदा मोजला. वहीत माझ्याच अक्षरात होतं: दुसरी खेप. १० + १ = ११.

मी वही मिटली.

"आता ते राहू दे," मी म्हणालो. "आधी घाटावर चला."

घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती.

घाटावर यंकप्पा पुट्टी उलटी घालून तिच्या सावलीत बसला होता. बुवांनी त्याला हात जोडले. त्यानं ऐकून घेतलं, नदीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही जमणार, बुवा. पाहा." त्यानं बोट केलं. पाण्यावरून काटक्या वाहत होत्या, मग पाल्याचा एक आख्खा डहाळा. सकाळी हिरवट दिसणारं पाणी मातकट झालं होतं. "हे पुढचं आहे. मागून मोठं येतंय."

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"कुणी सांगावं? अर्धा तास. कमीसुद्धा."

"अर्ध्या तासात जाऊन येता येईल?"

"आलं तर आलं."

"यंकप्पा," बुवा म्हणाले, "त्यांचं आज मौन आहे. त्या हाकसुद्धा मारणार नाहीत."

यंकप्पानं पुन्हा एकदा नदीकडे पाहिलं. मग त्यानं पुट्टी उलटवली. "एक माणूस द्या. एकच. म्हातारीला उचलून घ्यायला. जास्त वजन नको."

नेवाळकर धोतर खोचत पुढे आले. "मी जातो. चूक माझी आहे."

"तुम्ही बासष्टचे," मी म्हणालो. "मी जातो."

"मोकाशी, तुम्ही परके. तुमचा काय संबंध? मला जाऊ द्या हो."

त्यांनी माझं मनगट धरलं. मी ते सोडवलं. त्या क्षणी मला ते सांगता आलं असतं. एक वाक्य पुरेसं होतं. पुट्टीत पाय टाकणं त्याहून सोपं वाटलं.

"पोहता येतं?" यंकप्पानं विचारलं.

"येतं," मी म्हणालो. येत नव्हतं.

पुट्टीला पुढं-मागं नसतं. ती स्वतःभोवती फिरत जाते. यंकप्पा एका वल्ह्यानं तिला सावरत होता आणि ती दर चार हातांवर गिरकी घेत होती. कधी मला बेट दिसे, कधी घाट आणि घाटावर उभी माणसं. तळाचं कापड पायाखाली मऊ लागत होतं. पाण्याचा धक्का बसला की ते वर उचलल्यासारखं होई. मी वेताची कड दोन्ही हातांनी धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"कड सोडा," यंकप्पा म्हणाला. "मधे बसा. खाली बसा. वाकू नका."

मी खाली बसलो. त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"पक्षी. आवाज नाही."

खरंच नव्हता. सकाळी बेटावर पोपटांनी नुसता कलकलाट केला होता. आता फक्त पाणी, आणि पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज. जड, सलग, दूर कुठंतरी मोठी मोटार चालावी तसा.

बेटाला वळसा घालून आम्ही मागच्या अंगाला आलो. पायऱ्या दिसल्या. खालच्या पाच-सहा पाण्याखाली गेल्या होत्या. शिळा दिसेना.

"गेली," यंकप्पा म्हणाला. शिळा की माई, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात ऐकू आलं. टण. मग पुन्हा. टण, टण. तांब्याच्या भांड्यावर दगड मारावा तसा आवाज, एका लयीत, न घाई करता.

"तिकडे! उंबराकडे!"

शिळेच्या टोकाला एक वाकडा उंबर होता. पाणी त्याच्या खोडापर्यंत चढलं होतं. माई शिळेच्या उंच भागावर उभ्या होत्या. शिळा दिसत नव्हती, म्हणून त्या पाण्यावरच उभ्या आहेत असं वाटत होतं. पाणी गुडघ्यापर्यंत. एक हात उंबराच्या फांदीभोवती, त्याच हातात तांब्या. दुसऱ्या हातात दगड. डोळे उघडे. ओठ मिटलेले.

त्यांनी आम्हाला पाहिलं आणि तांब्या वाजवायचं थांबवलं.

"ओढा म्हणजे ओढा, विचारू नका," यंकप्पा ओरडला. त्यानं पुट्टी फांदीखाली घातली, फांदीला एक हात गुंतवला आणि दातओठ खात तिला धरून ठेवलं. मी माईंच्या काखेत हात घातले. त्या हलक्या होत्या, पण लुगडं पाण्यानं जड झालं होतं आणि प्रवाह त्यांना पलीकडे ओढत होता. पुट्टी माझ्या बाजूनं कलली. पाणी आत आलं. मला वाटलं, झालं. मी डोळे मिटून ओढलं. त्या माझ्या अंगावर कोसळल्या आणि आम्ही दोघं तळातल्या पाण्यात पडलो.

"तांब्यानं पाणी काढा!" यंकप्पा फांदी सोडत म्हणाला.

मी तांब्यानं पाणी उपसू लागलो. पुट्टी गरागरा फिरत बेटापासून दूर निघाली. मोटारीचा तो आवाज आता सगळीकडून येत होता. मी वर पाहिलं तर नदीच्या पात्रावर एक मातकट पट्टा पुढं सरकत होता, हातभर उंच, कडेला फेस. त्यात एक आख्खं झाड. यंकप्पानं वल्हं आडवं धरलं आणि पहिल्यांदाच देवाचं नाव घेतलं. पट्ट्यानं आम्हाला उचललं. पुट्टी तिरपी झाली, सरळ झाली, पुन्हा तिरपी. माईंचा हात माझ्या मनगटावर होता. नेवाळकरांनी जिथं धरलं होतं तिथंच.

घाटापासून अर्धा मैल खाली, ज्वारीच्या एका रानाला पुट्टी लागली. यंकप्पा उतरला, चिखलात पालथा पडला आणि तसाच राहिला. त्याचे खांदे हलत होते.

माईंनी माझ्याकडे पाहून हवेत बोटानं लिहिल्यासारखं केलं. मी शर्टाच्या आतून वही काढली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली होती, कोपरेच भिजले होते. पेन्सिलही दिली. कोरं पान शोधायला त्यांनी वही उघडली आणि ती त्या पानावर उघडली. त्या थांबल्या. पहिली खेप. दुसरी खेप. त्यांचं बोट ओळीवरून एकदा गेलं.

मी पाणी काढत राहिलो. पुट्टी रानात होती, पाणी काढायची काही गरज नव्हती.

त्यांनी त्याच पानावर, आकड्यांच्या खाली, काहीतरी लिहिलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली. मी वाचलं. पुन्हा पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमक्कांच्या पडवीत माझा आणि यंकप्पाचा सत्कार झाला. बुवांनी मला शाल घातली. सगळे रडत होते. नेवाळकरांनी गळ्यातली शिट्टी काढून माईंच्या पायांशी ठेवली.

"हे काम आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. तीस वर्षांचा गर्व होता. उतरला."

मग ते माझ्याकडे वळले आणि वाकले. मला कळेपर्यंत त्यांनी माझ्या पायाला हात लावला होता. "माझं पाप तुम्ही निस्तरलंत, मोकाशी."

सूर्य केव्हाच वर आला होता. माईंचं मौन संपलं होतं. त्या बोलू शकत होत्या. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मीही शालीची गोंड्याची दशी पाहत राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "गाडीची वेळ झाली. कुणीतरी मोजा."

कुणीतरी मोजलं. माझा आकडा आला तेव्हा मी तो म्हणालो.

आमच्या दैनिकानं पहिल्या पानावर बातमी दिली: आमच्या वार्ताहराचं धाडस. मजकूर मीच पाठवला होता. त्यात एकही आकडा नव्हता.

माई चार वर्षांनी गेल्या, बुवा त्यानंतर सहा वर्षांनी. मी यात्रेला पुन्हा गेलो नाही. नेवाळकर सांगलीतच राहत होते, आमच्या कचेरीपासून तीन गल्ल्या सोडून. रस्त्यात भेटले की हात जोडत. मी सायकल चालवत पुढं जाई, घाईत असल्यासारखा. पुष्कळदा मी घाईत असेच.

गेल्या चैत्रात ते गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. मी वही घेऊन भेटायला गेलो. ती का घेतली, हे घरून निघताना मला ठाऊक होतं. तिथं पोचेपर्यंत खात्री उरली नव्हती.

दार त्यांच्या मुलीनं, वृंदानं, उघडलं. भिंतीशी स्टुलावर फोटो, हार, समई.

"तुम्ही मोकाशी ना? बाबा तुमचं नाव नेहमी घ्यायचे." तिनं खुर्ची पुढं केली. "यात्रेला जायचं त्यांनी त्या वर्षीच सोडलं. पण मोजायचं सुटलं नाही हो. आम्ही घरातली चार माणसं सिनेमाला निघालो तरी दारात तीनदा मोजायचे. रिक्षात बसलं की पुन्हा. आम्ही चिडवायचो. मुलं तर मुद्दाम लपायची."

"आणि देव?" मी विचारलं.

"काय?"

"शेवटी देवाचा आकडा म्हणायचे?"

"नाही. ते सोडलंच त्यांनी. जेवताना देवाचं पानसुद्धा मांडू देईनात. आईनं किती विचारलं. एकदाच म्हणाले, मला त्याला मोजायचा अधिकार नाही. का, ते कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे?"

मी पिशवी उघडली, वही काढली आणि ते पान तिच्यापुढं धरलं. पेन्सिल पुसट झाली होती. तिनं चष्मा लावला.

"पहिली खेप, बारा," ती वाचू लागली. "दुसरी खेप. दहा... अधिक एक... अकरा. हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"आणि खाली?"

"माईंचं."

तिनं वही उजेडाकडे नेली आणि एकेक शब्द लावत वाचलं, "हे काशिनाथला तू सांग."

आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. ती हलली नाही. आकडे तिनं पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. एसटीच्या कंट्रोलरची मुलगी. तिला वेळ लागला नाही.

"मग?" ती म्हणाली. "सांगितलंत?"

मी नकारार्थी मान हलवली.

वृंदा उठली. फोटोपुढचं उदबत्तीचं घर तिनं बाजूला सारलं. वही त्या पानावर उघडीच तिथं ठेवली आणि खुर्ची उचलून फोटोच्या समोर आणून मांडली.

"आता सांगा," ती म्हणाली.